प्लास्टिक न काढलेलं स्टूल

२१ ऑगस्ट, बुधवार

पॉलसन वकील म्हणाला, "अम्मामा, काय काय झालं ते तारखेवार लिहून ठेवा. कोर्टाला तारखा लागतात." म्हणून ही डायरी. भिशीवाली कंपनी दर वर्षी फुकट देते आणि मी तिची पानं फाडून डब्यात पापडांखाली घालते. यंदाची पानं वाचली. माझं शिक्षण चौथी. त्यापुढे एकतीस वर्षं कौलांच्या कारखान्यात डोक्यावरून माती वाहिली, तिथे कुणी निबंध लिहायला सांगितला नाही.

अम्मामा म्हणजे आजी; नातीचं ऐकून सगळेच मला तसं म्हणतात. तर झालं असं. माझी नात जिन्सी त्रिशूरच्या अरुणवल्ली सिल्क्समध्ये साड्या दाखवते. सहा वर्षं झाली. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, उभ्याने. सरकारने कायदा केला, दुकानातल्या बायकांना बसायला द्या. मालकाने आठ स्टुलं आणली आणि प्लास्टिकसकट माळ्यावर टाकली. इन्स्पेक्टर आला की ती खाली येतात, तो गेला की वर जातात. परवा सोमवारी ओणमच्या खरेदीची गर्दी. इन्स्पेक्टर येऊन, स्टुलं मोजून, चहा पिऊन गेला. स्टुलं वर जायच्या आत जिन्सी एकावर टेकली. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्यात. प्लास्टिक कुरकुरलं आणि तीन काउंटर पलीकडून वर्गीस मॅनेजरने ते ऐकलं. येऊन बघतो तर प्लास्टिक फाटलेलं. संध्याकाळी हातात पत्र: दुकानाच्या मालमत्तेचं नुकसान केलं, सबब कामावरून कमी केलं आहे.

नोकरी गेली तर दुसरी बघू, असं म्हणायची सोय नाही. शहरातले साडीवाले सगळे एकमेकांचे मेहुणे. हे पत्र घेऊन पोरगी कुठल्याही दारात गेली तरी लोक चोर म्हणूनच बघणार. तेव्हा ते पत्र मागे घ्यायला लावायचं आणि तिला पुन्हा त्याच काउंटरवर उभी करायची. म्हणजे बसवायची. काय ते.

त्या दिवशी शीजा तिला हाताला धरून घरी घेऊन आली. शीजा त्याच दुकानात झाडू मारते. ती आमच्या देवूची मुलगी. देवू आमच्याकडे एकोणीस वर्षं धुणीभांडी करते.

पॉलसन माझ्या चुलतभावाचा मुलगा. ऑफिसात सहा माणसांचा सोफा आहे. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमीन किती आहे?"

२४ ऑगस्ट, शनिवार

वॉर्डातला युनियनचा पुढारी सुधाकरन आला. आमच्या ह्यांच्या वेताच्या खुर्चीत बसून दोन चहा प्याला. हे वारले त्याला अकरा वर्षं झाली, पण ती खुर्ची मी रोज पुसते.

"अम्मामा, एक शब्द टाकला असता तर पाच मिनिटांत शटर खाली आलं असतं."

"मग टाक की."

"पण पोरीने सभासद पावती कुठे फाडली होती?"

"आता फाडते."

"आता फाडून कसं चालेल? आणि ओणमच्या तोंडावर... मालक आमच्या मंडळाला देणगी देतात हो."

मागच्या दारातून देवू बोलली. ती मागच्या पायरीवर बसून पेज पीत होती. तिची जागा तीच, ताटलीही वेगळी. स्वच्छतेला बरं पडतं. मला ती चेडत्ती म्हणते, म्हणजे थोरली बहीण. म्हणाली, "चेडत्ती, आमच्या संघटनेत दर मंगळवारी एक वकीलबाई येते. असलीच कामं करते. नोकरीतून काढलेल्यांची."

"तुमची कसली संघटना?"

"घरकामवाल्यांची."

मी म्हटलं, भांडी घासणाऱ्यांच्या वकिलाकडे जाण्याइतके अजून दिवस आले नाहीत. सुधाकरन हसला. देवू ताटली धुवायला गेली.

३० ऑगस्ट, शुक्रवार

पॉलसनची नोटीस तयार झाली. जिन्सीने वाचून दाखवली. त्यात लिहिलंय की सदर स्टुलावर माझ्या अशिलाचा शांततापूर्ण ताबा होता आणि तो बेकायदेशीरपणे काढून घेण्यात आला.

जिन्सी म्हणाली, "अम्मामा, हा वकील स्टूल माझ्या नावावर करून मागतोय."

फोन केला तर म्हणतो, "ताब्याशिवाय केस उभी कशी राहणार?" याने जन्मभर भावाभावांच्या वाटण्या केल्या. नोटीस जाऊ दिली नाही. त्याच्या आईला चर्चमध्ये सांगितलं की मुलगा हुशार आहे. खोटं तरी किती बोलायचं!

२ सप्टेंबर, सोमवार

एर्नाकुलमला जाऊन आलो. टीव्हीवर येतो तो मोठा वकील. 'बसण्याचा हक्क' या विषयावर त्याला बोलताना जिन्सीने पाहिलं होतं. करायचा तर हाच वकील, असं ठरवून गेलो.

वेटिंग रूममध्ये चार खुर्च्या, चारींवर फायली. आम्ही सतरा माणसं भिंतीला टेकून. मी एक फाइल उचलली तर कारकून धावत आला, "अम्मामा, त्या हायकोर्टाच्या आहेत!" म्हटलं, हायकोर्टाला गुडघे नसतात. तीन तास उभे. जिन्सीचा पाय चपलेत मावेना. शेवटी आत बोलावलं. चार मिनिटं. "माझ्या आवडीचा विषय," म्हणाला. "पण जानेवारीपर्यंत वेळ नाही."

संध्याकाळी घरी येऊन बघते तर देवू आमच्या ह्यांच्या खुर्चीत! मांडीवर सूप, छोटे कांदे सोलत होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"ऊठ! कुणाची खुर्ची आहे ठाऊक आहे ना?"

उठली. "गुडघा धरलाय, चेडत्ती."

"मग पायरी आहे की."

"पायरीवरून उठताना जास्त धरतो."

जिन्सी पाय गरम पाण्यात सोडून बसली होती. म्हणते, "अम्मामा, तुझा आवाज अगदी वर्गीससारखा लागला." मी म्हटलं, वर्गीसच्या बापाची खुर्ची होती का ती? दुकान वेगळं, घर वेगळं. एवढं कळत नाही म्हणून तर नोकऱ्या जातात.

१० सप्टेंबर, मंगळवार

गेले शेवटी. जिन्सीने दोन दिवस जेवण टाकलं, म्हणून. देवू पुढे, आम्ही मागे. रेशन दुकानाच्या वर एक खोली. खुर्ची एकही नाही, सगळ्या चटईवर. मधे ती वकीलबाई, रमला तिचं नाव. तिशीची, डोक्यावरून पदर, समोर शेंगदाण्याची पुडी. हिला वकील म्हणावं की नाही हेच मला पहिला अर्धा तास ठरवता येईना.

पण प्रश्न कसे विचारले! प्लास्टिक फाटताना आवाज झाला की आधीच फाटलेलं होतं? स्टुलं माळ्यावर कोण चढवतं? पत्र आधी टाइप झालं की वर्गीस आधी आला? पॉलसनने जमीन विचारली, हिने स्टूल विचारलं. मला पटली.

"फी?" मी म्हटलं.

"देवूअम्मांनी आणलंय तुम्हाला. त्या सभासद आहेत. संघटनेच्या माणसांकडून मी घेत नाही."

म्हणजे देवूच्या ओळखीवर आमचं काम. असो. देवू म्हणाली, शीजालाच विचारलं तर कळेल, माळ्यावर तीच चढते. रमलाने डायरी मागितली. आता देतेय. कोर्टात वाचली जाईल म्हणून पहिलं पान पुन्हा नीट अक्षरात काढलं होतं. हे पान देण्याआधी इथेच बसून लिहितेय.

१७ सप्टेंबर, मंगळवार

डायरी परत आली. ओणम डायरीविनाच गेला, काही अडलं नाही. देवूला दर वर्षीसारखं नेसायचं पांढरं मुंडू दिलं.

रमलाने पेन्सिलीने रेघा ओढल्यात. मला वाटलं स्टुलाच्या ठिकाणी असतील. तर तिथे दोनच. बाकी सगळ्या भलत्याच जागी. मागच्या पायरीवर रेघ. वेगळ्या ताटलीवर रेघ. 'दुकान वेगळं, घर वेगळं' याखाली तर दोन रेघा.

विचारलं, "हे कशाला?"

"अम्मामा, मला सगळ्यात उपयोगी तेच वाटलं."

लग्न झालेलं नाही वाटतं तिचं. घरातल्या गोष्टींची ओढ असते अशा मुलींना.

२६ सप्टेंबर, गुरुवार

लेबर ऑफिसात पहिली तारीख. तिथे समजुतीची बोलणी असतात आणि त्या बैठकीत वकिलांना वकील म्हणून बसता येत नाही, असा नियम आहे म्हणे! रमला संघटनेची प्रतिनिधी म्हणून आत बसली. मी विचारलं, "मग मी महिनाभर वकील कशाला शोधला?"

"वकील शोधल्याशिवाय हे कळत नाही," ती म्हणाली.

मजा पुढेच. दुकानाने एर्नाकुलमचा तोच टीव्हीवाला आणला होता. जानेवारीपर्यंत वेळ नव्हता मेल्याला. त्याला बाहेरच थांबवलं. व्हरांड्यातल्या बाकावर कुठल्याशा कारखान्याची माणसं बसली होती. काळा कोट घालून दोन तास उभा होता. मी मुद्दाम तीनदा पाणी प्यायला बाहेर गेले.

वर्गीस आत म्हणाला, स्टूल नवंकोरं होतं, या मुलीने फाडलं. रमला म्हणाली, आमच्याकडे साक्षीदार आहे. शीजा सांगणार आहे की प्लास्टिक वर्षभरापूर्वीच माळ्यावर उंदरांनी कुरतडलंय, आणि इन्स्पेक्टर यायच्या दिवशी सकाळी वर्गीसच तिच्याकडून त्यावर चिकटपट्टी लावून घेतो. पुढची तारीख २१ ऑक्टोबर. जिन्सी किती दिवसांनी दोन घास जास्त जेवली.

१ ऑक्टोबर, मंगळवार

देवूला काढलं.

मी शांतपणे सांगितलं. मासे साफ करताना ती पुन्हा त्याच खुर्चीत! माशांच्या पाण्याचा हात वेताला! म्हणाली, "चेडत्ती, मग एक स्टूल द्या ओट्यापाशी. साधं." मी म्हटलं, ही तुझी संघटना बोलतेय. एकोणीस वर्षं बरं चाललं होतं. उद्यापासून येऊ नको.

तिने हात धुतले, सुरी जागेवर ठेवली, ताटली खिळ्याला लावली आणि गेली. असा माज.

जिन्सी म्हणाली, "तिला पत्र नाही दिलंस? मालमत्तेचं नुकसान म्हणून?"

मी म्हटलं, मी काय वर्गीस आहे, कुणाचं नाव कागदावर काळं करायला? कागद दिला नाही, देणारही नाही. ती आणखी तीन घरी काम करते, त्या बायकांना फक्त सांगून आले की अलीकडे देवू शेफारलीय, जपून. शेजारधर्म असतो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आठ दिवस मासे आणले नाहीत. साफ कोण करणार? अंडी खाऊन तोंडाला पिसं फुटायची बाकी राहिलीत.

रमला घरी आली. मी तिला आमच्या ह्यांच्या खुर्चीत बसायला सांगितलं. ती बघत राहिली आणि उभीच राहिली.

"अम्मामा, साक्षीदार मागे हटली."

"शीजा? का?"

"घाबरलीय. आईची कामं गेली. एका घरातून काढलं, मग बाकीच्या तिन्ही घरांनीही नको म्हटलं. आता ही बोलली आणि हिचं गेलं तर घरात पगार आणणारं कुणी नाही."

"कुणाची आई?" मी विचारलं. विचारून झाल्यावर कळलं. तोंडातून गेलेलं काय करणार.

"कशासाठी काढलं तिला?" रमलाने विचारलं. माहीत असून विचारते. वकीलच ती.

मी म्हटलं, "खुर्चीत बसली म्हणून."

तिने मान हलवली आणि वहीत लिहिलं. मी म्हटलं, "तू तिच्याकडून मला नोटीस पाठवणार?"

"नाही. एकाच भांडणात दोन्हीकडून कशी उभी राहू? आणि तुमच्या विरुद्ध काय लिहायचं ते सगळं मी जिन्सीच्या अर्जात आधीच लिहून बसलेय." मग चप्पल घालताना म्हणाली, "शीजाशिवाय मात्र स्टूल नवंच राहील."

दुपारी जिन्सीने पेज माझ्यापुढे ठेवली आणि स्वतःची घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसली. नाटकं.

१० ऑक्टोबर, गुरुवार

देवूच्या घरी गेले. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. कालव्याच्या पलीकडे, दोन खोल्या, अंगण आमच्यापेक्षा स्वच्छ.

दारात मला बघून तिने पदराने खुर्ची पुसली. प्लास्टिकची, एक पाय तारेने बांधलेला. "बसा, चेडत्ती."

बसले. गुडघ्यांना बरं वाटलं. ती चौकटीला टेकून उभी. मी पावसापाण्याचं बोलले, मग चर्चमधल्या लग्नाचं. वर बघून बघून मान अवघडली.

"अगं, बस की."

"कुठे?" ती म्हणाली.

मी इकडेतिकडे बघितलं. खोलीत तेवढी एकच खुर्ची होती.

माणूस समोर उभं असलं की लांबण लावता येत नाही. म्हटलं, "उद्यापासून ये."

"शीजाने साक्ष द्यावी म्हणून?"

"हो. आणि मासे माझ्याच्याने होत नाहीत म्हणून."

ती हसली की काय, नीट दिसलं नाही, मागे उजेड होता. म्हणाली, "त्या तीन घरी काय सांगून आलात ते आधी मागे घ्या. आणि ओट्यापाशी स्टूल लागेल."

"आमच्या ह्यांची खुर्ची सोडून काहीही माग."

"ती कुणाला हवीय? पाठीला टोचते."

अकरा वर्षं पुसतेय मी ती खुर्ची. मला कुणी सांगितलं नाही टोचते म्हणून. मीही कधी बसून बघितलं नाही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

तिन्ही घरी जाऊन आले. कागदावरचं मागे घ्यायला एक सही पुरते. तोंडाने पसरवलेलं मागे घ्यायला तीनदा चहा प्यावा लागतो, आणि एका घरी तर उपमाही. दोघींनी मला विचारलं, "मग त्या दिवशी असं कशाला म्हणालात?" मी म्हटलं, चूक झाली. तिसरीने विचारलं नाही, नुसती बघत राहिली. ते जास्त लागलं.

२१ ऑक्टोबर, सोमवार

शीजा बोलली. रमलाने विचारलं, "माळ्यावर कोण चढतं?" "मीच." मग सुटली ती थांबेना. उंदीर, चिकटपट्टी, कोणत्या महिन्यात किती वेळा, सगळं. दुकानाला ते स्टूल आणायला लावलं होतं. रमला म्हणाली, "सर, जरा बसून दाखवता?" वर्गीस बसला. प्लास्टिक असं काही ओरडलं की लेबर ऑफिसरसाहेबांनी चष्मा काढून पुसला. उलटं करून बघितलं तर खाली तीन पट्ट्या, एकीवर उंदराची लेंडी चिकटलेली.

पत्र मागे घेतलं, जिन्सीला पुढच्या सोमवारपासून कामावर घेतलं. शीजाला हात लावायचा नाही, असंही रमलाने कागदावर लिहून घेतलं. दुकानाच्या वकिलाने बाहेरूनच हात केला. आज त्याला बाकावर जागा मिळाली होती.

जिन्सी रिक्षात रडली. मी म्हटलं, रडायचं होतं तर लेबर ऑफिसात रडायचं, काही उपयोग झाला असता.

२ नोव्हेंबर, शनिवार

जिन्सी सांगते, स्टुलं खाली आलीत आणि वर जात नाहीत. पण अजून बसायला सगळ्या जणी लाजतात, एकमेकींकडे बघतात.

बाजारातून स्टूल आणलं. मजबूत, निळं, चारी बाजूंनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं. ओट्यापाशी ठेवलं. देवू बसली. कुरकुरलं.

मी म्हटलं, "प्लास्टिक राहू दे त्यावर. माशांचं पाणी उडतं. नवं आहे."

देवूने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मग उठली, मासे कापायची सुरी घेतली आणि वरपासून खालपर्यंत प्लास्टिक उभं चिरलं. गोळा करून मागच्या दारातून टाकून दिलं, पुन्हा बसली आणि खवले काढायला लागली.

मी माशांची टोपली तिच्याकडे सरकवली. या वयात पुन्हा वकील शोधत कोण फिरणार?